तबकडीची नक्कल : कोणती रचना भरवशाची?

शाळेच्या कपाटातील जुन्या सीडी खराब होण्यापूर्वी त्यांच्या डिस्क इमेज करून ठेवल्या, की आपण निश्चिंत होतो. डिस्क इमेज म्हणजे अख्ख्या तबकडीची फाईलमध्ये उतरवलेली बरहुकूम नक्कल. परंतु काही वर्षांनी ती उघडू पाहावी, तर संगणक तिला ओळखतच नाही. नावाच्या शेवटी आयएसओऐवजी एनआरजी, एमडीएफ किंवा बिन असे काहीतरी असते. हा दोष कोणाचा?

आधी तबकडीकडे पाहू. सीडीवर २३५२ बाइटांचे सेक्टर असतात. माहितीच्या सीडीत बहुधा त्यांतील २०४८ बाइट आपल्या कामाचे असतात. उरलेल्या ३०४ बाइटांत मुख्यतः सेक्टरची खूण, पत्ता आणि चुका शोधून दुरुस्त करणारे संकेत असतात. आयएसओ फाईल फक्त २०४८ बाइट ठेवते. बिन फाईल बहुधा सगळेच.

आयएसओ ९६६० हे मानक १९८८ साली प्रसिद्ध झाले. ते सर्वांना वाचता येते, हाच त्याचा मोठा गुण. पहिले १६ सेक्टर सोडले की लगेच रोमन अक्षरांत ‘सीडी००१’ ही खूण येते. बाइट शून्यापासून मोजले, तर तिची जागा ३२,७६९. आयएसओ फाईलची मर्यादाही स्पष्ट आहे : तिच्यात गाण्यांचे ट्रॅक मावत नाहीत. म्हणजे इतर रचनांची गरज खरीच होती. प्रश्न आहे तो गरज भागवण्याच्या रीतीचा.

बिनच्या जोडीला येणारी क्यू फाईल पाहा. तो साधा मजकूर आहे. कोणता ट्रॅक कोठे सुरू होतो, हे मिनिट, सेकंद आणि सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागात लिहिलेले असते. नोटपॅडमध्येही ते वाचता येते. याउलट नीरोच्या एनआरजी फाईलमध्ये ट्रॅकची यादी शेवटी, सांकेतिक स्वरूपात असते. एमडीएफच्या जोडीची एमडीएस फाईलही तशीच. या रचना एकेका आज्ञावलीपुरत्या होत्या. बाहेरच्या अभ्यासकांनी फाईलींची चिरफाड करून त्या उलगडल्या, म्हणून आज त्या उघडतात. नक्कल जतनासाठी करायची आणि किल्ली एकाच दुकानात ठेवायची, हे बरे नव्हे.

‘नाव बदलून आयएसओ करा’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो कधी लागू पडतो, कारण काही एमडीएफ फाईलींत फक्त २०४८ बाइटांचे सेक्टरच असतात. एनआरजीत मात्र पुष्कळदा आरंभी १५० सेक्टरांची, म्हणजे ३,०७,२०० बाइटांची मोकळी जागा असते. खूण तितकीच पुढे सरकते. नाव बदलल्याने आतली मांडणी बदलत नाही.

विद्यार्थ्यांसह हेक्स एडिटरमध्ये ही खूण शोधून पाहावी. ती ३२,७६९ वर सापडली, तर फाईल आयएसओसारखीच आहे. ३७,६४९ वर सापडली, तर सेक्टर पूर्ण २३५२ बाइटांचे आहेत. मग लिनक्सवरील एनआरजी-टू-आयएसओ, एमडीएफ-टू-आयएसओ किंवा बीचंक यांपैकी योग्य ती आज्ञावली वापरता येते. नवी फाईल उघडून आतील धडे, चित्रे तपासल्याशिवाय मूळ फाईल पुसू नये. यापुढे मात्र माहितीच्या सीडीसाठी आयएसओ आणि गाण्यांसाठी बिन-क्यू हीच जोडी निवडावी.