काडतुसांचा काउंटर

अमेरिकेत हौशी माणसं लोणचं घालावं तशी घरी काडतुसं भरतात. (आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवाना नसेल तर लोणचंच घाला!) झाडलेली पितळी नळी दाबून आकारात आणायची, प्राइमर बदलायचा, दारू मोजून घालायची (ही वेगळी दारू), वर गोळी बसवायची. यंत्र कोणतं, यावर मात्र तिथे सख्खे भाऊ भांडतात.

सिंगल-स्टेज म्हणजे आमची जुनी बँक. एका वेळी एकच साचा. पन्नास नळ्या दाबा, साचा बदला, पुन्हा पन्नास. टरेट म्हणजे एकखिडकी योजना. सगळे साचे फिरत्या चकतीवर, एक काडतूस पुरं झालं की दुसरं.

जाहिराती टरेटच्या वेगाचे पोवाडे गातात. खोटं नाही ते. पण एखाद्या नळीत दारू दोनदा पडली तर बंदूक फुटते, आणि ती गालाला टेकलेली असते हो! सिंगल-स्टेजवाला पन्नास नळ्या ठोकळ्यात उभ्या करून विजेरीने आत डोकावतो. शेजारणीपेक्षा एकीत पातळी वर दिसली की चोर सापडला. टरेटवर तुलनेला शेजारीण नाही. प्रत्येकीत वेगळं डोकवा, आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो. चकती न फिरवताही टरेटवर पन्नासाची तुकडी काढता येते म्हणा, पण मग चकती घेतली कशाला?

नवशिक्याने सिंगल-स्टेजच घ्यावी. दर रविवारी शेकड्यांनी फैरी झाडणाऱ्याने खुशाल टरेट घ्यावी. फोन तेवढा दुसऱ्या खोलीत ठेवावा.