मिशीवाल्याची ओढ

नागपूरच्या कुठल्याही तलावाच्या बांधावर कटला गळाला लागला की शेजारचे चार जण आपापले रॉड ठेवून उभे राहतात. पढीन लागली तर बसल्या जागेवरून "काय लागलं जी?" एवढंच विचारलं जातं आणि उत्तर ऐकून नजर परत आपल्या फ्लोटकडे वळते. मग ती पढीन कटल्याच्या दुप्पट वजनाची का असेना. आमच्या गळवाल्यांची ही रसिकता बरीच जुनी आहे. मला ती पटत नाही, म्हणून हा लेख.

पढीनसारख्या मिशीवाल्या, बिनखवल्याच्या माशांविषयी इथे किमान चार मतं नांदतात. पिठाचा गोळा आणि मेथी-ढेपेचा चारा घेऊन बसणारे रोहू-कटल्याचे उपासक त्यांना लुडबुड्या समजतात: चारा टाकून जमवलेल्या मैफिलीत घुसणारे. दुसरे खाण्यापुरतं बघणारे. त्यांना शिंगाडा प्रिय, कारण काटे कमी आणि रश्श्यात मांस फुटत नाही. खेळ कसा झाला हा प्रश्न त्यांच्या मनातही येत नाही. तिसरी नवी पिढी, चकाकती आमिषं फेकणारी, मनात सतत महासीर. आणि चौथे ढिवर-भोई. रात्री लांब दोराला ओळीने गळ लावून ते पाण्यात सोडतात आणि पहाटे ओढून काढतात. पढीन कुठल्या खड्ड्यात दबा धरते, शिंगाडा कुठल्या वळणावर चरतो, हे या चौघांत त्यांनाच खरं माहीत असतं. पण 'शिकार' हा शब्द त्यांच्या बोलण्यात येत नाही. ते पोटाचं काम आहे.

या क्रीडेची मोजपट्टी आपल्याकडे आली ती इंग्रजांच्या पुस्तकांतून. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' १८७३ साली आलं आणि हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीचा नायक ठरून गेला: महासीर. खवले सोनेरी, पाणी वाहतं, धाव लांब. स्कॉटलंडच्या सॅमनची आठवण करून देणारा मासा. जिम कॉर्बेटने 'मॅनईटर्स ऑफ कुमाऊं'मध्ये वाघांच्या गर्दीतही एक प्रकरण माशाला दिलं, तेही महासीरलाच. मिशीवाल्यांच्या वाट्याला आलं ते 'गोड्या पाण्यातला शार्क' हे टोपणनाव. ते पढीनलाही चिकटवलं गेलं आणि डोंगराळ नद्यांतल्या अवाढव्य गूंचलाही. दोन माशांत साम्य काय, तर दोघे साहेबाला कुरूप वाटले.

गंमत अशी की या माशांकडे आपल्या मुलखात नीट पाहणारा पहिला मोठा माणूसही इंग्रजच होता, फक्त त्याच्या हातात रॉड नव्हता. मुंबई सरकारचा संख्याशास्त्रीय अधिकारी म्हणून कर्नल विल्यम हेन्री साइक्स दख्खनभर फिरला आणि १८३९ साली त्याने इथल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. शिंगाड्याचं शास्त्रीय नाव 'सीनघाला' त्यानेच इथल्या लोकांच्या तोंडून उचललं. मिशीवाल्यांची त्याच्या यादीत रेलचेल आहे. त्याने माशाची लायकी ठरवली नाही, त्याच्या मिशा आणि पर मोजले. रसग्रहणाची सुरुवात अशीच व्हावी.

तर पढीन. तिचं तोंड डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेलं, आत बारीक दातांचे पट्टे. वरच्या मिशा लांब, खालच्या आखूड. पाठीवरचा पर नावापुरता, त्यात काटा नाही. याउलट पोटाखालचा पर थेट शेपटीपर्यंत गेलेला, फितीसारखा. अंग दोन्ही बाजूंनी दाबलेलं, शेपूट लहान. हे शरीर लांब पल्ल्यासाठी घडलेलं नाही. काठाच्या पोकळीत किंवा डोहाच्या तळाशी स्थिर राहायचं आणि समोरून मासळी गेली की एकाच उसळीत ती गिळायची, एवढ्यासाठी ते आहे. "पहिल्या धावेनंतर ओंडका होते" ही रोहूवाल्यांची तक्रार म्हणूनच खरी आहे. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या निकालात. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवरचं गाणं आखूड आहे म्हणून कुणी त्याला हलकं म्हणत नाही. सगळं काही त्या तीन मिनिटांत ठासून भरलेलं असतं, आणि ऐकणाऱ्याने पहिल्या सुरापासून जागं असावं लागतं.

पढीनचा पहिला सूर म्हणजे तंगूसवर, म्हणजे गळाच्या दोरीवर, पडलेला एक ठोका. झिंगा किंवा छोटी मासळी लावून शिसं तळाला टाकलेलं असतं, तंगूस बोटावर टेकवलेली असते, आणि अंधारात कुणीतरी दारावर एकदाच टकटक करावी तसं काही तरी बोटाला कळतं. नवशिका इथेच झटका देतो आणि आमिष तेवढं तोंडातून निसटून येतं. मासळी दातांच्या पट्ट्यांत नुसती धरलेली असते, गिळलेली नसते. जाणता माणूस काही करत नाही. तंगूस सैल पडते. मासा गेला असं वाटायला लावणारी ही सैल अवस्थाच सगळ्यात कठीण, आणि माझ्या मते या खेळातली सगळ्यात सुंदर जागा. कारण ती गेलेली नसते. ती वळत असते. मग तंगूस हळूच ताठ होते, सरकायला लागते, सरकण्याचा वेग वाढतो, रील ओरडते, आणि तेव्हा झटका. त्यापुढची धाव सरळ, खोल आणि बेमुर्वत असते. तारेचा तुकडा लावला नसेल तर दातांवर घासून तंगूस तुटते आणि रसग्रहण तिथेच संपतं. लावला असेल तर धाव संपल्यावर ती वर येते, जबडा उघडून डोकं हलवते, आणि हो, मग ओंडका होते. पण तोवर मैफल झालेली असते.

शिंगाडा अगदी वेगळ्या घराण्याचा. चपटं, पुढे आलेलं मुस्कट, लांब मिशा, शेपटीला खोल खाच, पाठीच्या मांसल पराच्या टोकाशी काळा ठिपका. ही शेपूट पोहणाऱ्याची आहे. तो घाईने घास घेत नाही. मिशांवर चव ओळखणाऱ्या पेशी दाटलेल्या असतात, त्यामुळे तो खाण्याआधी चाखतो. आपल्या बोटाला ते हलक्या, अनियमित चाचपण्यासारखं जाणवतं आणि थांबतं. पुन्हा दोन. मग चालू लागल्यासारखी एक संथ, जड ओढ. गळ बसल्यावर तो तळ सोडत नाही. डोकं खाली घालून प्रवाहाला अंग देतो आणि मान झटकत राहतो; ते झटके रॉडमधून मनगटात ठोके होऊन पोचतात. पढीनमध्ये नाट्य आहे, इथे चिवटपणा. काठाशी आणल्यावर, जाळी पाण्यात घातल्यावर, दमला असं वाटत असतानाच तो दुसरी धाव घेतो आणि बऱ्याच जणांचे शिंगाडे तिथे सुटतात. हातात घेतला की छातीचे काटे ताठ करून अडकवतो आणि ते घासल्याचा कुरकुर आवाज येतो. हा आवाज काढणारा मासा मला कधी कुरूप वाटला नाही.

शिंगाड्याचा काळ पावसाळा. आषाढात कन्हान लाल-तपकिरी होते, कामठीजवळ जिथे पेंच, कोलार आणि कन्हान एकत्र येतात तिथलं पाणी गाळाने जड होतं, आणि रोहूवाला सामान बांधून घरी जातो. त्याचा सगळा खेळ डोळ्यांचा आहे: फ्लोट कलला, उचलला गेला, बुडाला. गढूळ पाणी, रात्र आणि पाऊस यांत त्याचं वाद्यच बंद पडतं. मिशीवाल्याची मैफल मात्र तिथेच रंगते, कारण तो स्वतः चवीने आणि स्पर्शाने जगतो आणि गळवाल्याकडूनही तेच मागतो. जो मासा दिसत नाही त्याला आपण रटाळ म्हणतो. हा दोष माशाचा कसा?

मांगूर आणि शिंगी यांच्याबाबत मी वकिली करणार नाही. खेळ म्हणून त्यांच्यात दम नाही; लागतात, वळवळतात, निघतात. त्यांची थोरवी दुसरी. हवेतला श्वास घेण्याची खास इंद्रियं असल्यामुळे प्राणवायू संपलेल्या डबक्यातही ते जगतात, आटलेल्या तळ्याच्या चिखलात तग धरतात. शिंगीच्या छातीच्या काट्यात विष असतं. तो लागला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावा, ठणका कमी होतो. याच दोघांमुळे "मिशीवाला म्हणजे गटारातला मासा" हे मत पसरलं. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जातं, आणि त्याच पाण्यातला रोहू आपण मिटक्या मारत खातो, हे मात्र कुणी बोलत नाही.

रोहू-कटल्याच्या खानदानीपणाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. हे मासे तलावाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरींनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन घडवलं, आणि आज तलावांत सोडली जाणारी बोटुकली त्याच वाटेने तयार होते. म्हणजे बांधावरचा कटला हा बहुधा मत्स्य सहकारी संस्थेने पैसे मोजून सोडलेला पाहुणा. पढीन आपली आपण वाढते, पूर आला की उथळ पाण्यात चढून अंडी घालते, आणि मग पाहुण्यांची पिल्लं खाते. या संस्थांचा तिच्यावरचा राग समजण्यासारखा आहे. बीज सोडण्याआधी संगोपन तळ्यातले असे शिकारी मासे मारायला हेक्टरी सुमारे २,५०० किलो मोहाची पेंड टाकतात. आपल्याच जंगलातल्या मोहाने आपलाच मासा मरतो. पण तो धंद्याचा हिशेब आहे. बांधावर हौसेने बसणाऱ्याने तो आपला सौंदर्यविचार म्हणून का उचलावा?

मिशीवाल्यांतही एकाला साहेबांनी माफ केलं होतं: सिलंद. चंदेरी, चपळ, उघड्या पाण्यात मासळीचा पाठलाग करणारा. म्हणजे जितका तो महासीरसारखा वागला तितकी त्याला शाबासकी. आपल्या गोदावरी-कृष्णेतला सिलंद, त्याचंही वर्णन साइक्सचंच, आज धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे.

बाहेर पाहिलं तर मतं आणखीच टोकाची. स्पेनच्या एब्रो नदीत १९७४ मध्ये एका जर्मन शौकिनाने वेल्स हा युरोपातला राक्षसी मिशीवाला सोडला, आणि आज युरोपभरचे गळवाले त्याच्यासाठी तिथे जातात, तर निसर्ग अभ्यासक कपाळाला हात लावतात. व्हर्जिनियातल्या नद्यांत सत्तरच्या दशकात शिकारीच्या हौसेने निळा कॅटफिश सोडला. चेसापीकच्या खाडीत आता तो नकोसा झाला आहे. ब्रिटनच्या विक्रम समितीने २००० साली वेल्सची नोंद ठेवणंच बंद केलं, कारण बाहेरून आणलेले तयार मोठे मासे विक्रम म्हणून पुढे येऊ लागले होते. आणि २००९ च्या 'रिव्हर मॉन्स्टर्स'मध्ये जेरेमी वेडने उत्तराखंड-नेपाळ सीमेवरच्या काली नदीतला गूंच माणसं ओढून नेत असल्याच्या संशयाची गोष्ट रंगवली. कालपर्यंत बीभत्स ठरलेला मासा एका रात्रीत भयानक झाला. दोन्ही वेळा माशाकडे पाहिलं गेलं नाही, त्याच्या तोंडाच्या आकाराकडे पाहिलं गेलं.

तुच्छता जिथे खरोखर शोभते अशी जागा एकच आहे: थाई मागूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकन मासा. त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ती कडकपणे राबवायला सांगितली, तरी तो अधूनमधून नाल्यांत आणि तलावांत सापडतो. जे दिसेल ते खातो, आणि आपल्या देशी मांगुराची जागा घेतो. ओढीला जोर आहे त्याच्या, हे कबूल. तरीही नाही.

तेव्हा गळवाल्या मित्रांनो, यंदाच्या पावसाळ्यात एक रात्र फ्लोट घरी ठेवून या आणि तंगूस बोटावर घेऊन बसा. अंड्यांनी पोट फुगलेली पढीन लागली तर तिला सोडा; गळ खोल गेला असल्यास तंगूस कापा. जगाच्या लाल यादीत तिची जात असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे. थाई मागूर लागला तर मात्र तो कुठल्याही कारणाने पाण्यात परत टाकू नका.