एका मुत्सद्द्याची रोजनिशी

राज्यकर्त्यांच्या नावाने खडे फोडणे हा आम्हां सुशिक्षितांचा नित्यनेमच होऊन बसला आहे. धान्य महागले, पूल खचला, दोन राष्ट्रांत तंटा पेटला, की दोषाचे माप कोणाच्या पदरात घालावयाचे ह्याचा निकाल चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वीच लागलेला असतो. परंतु ज्यांच्या पदरात ते पडते, त्यांपैकी एखाद्याने एकांतात स्वतःचा हिशेब कसा मांडला हे पाहावयास क्वचितच मिळते. डाग हॅमरशोल्ड ह्यांच्या रोजनिशीने ती संधी दिली आहे. आणि तिच्यातील दोष ध्यानात घेऊनही आम्ही ती मोलाची समजतो.

हॅमरशोल्ड हे 1953 पासून 1961 पर्यंत संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस होते. काँगोतील लढाई थांबविण्याच्या खटपटीत असता 1961 च्या सप्टेंबरात उत्तर ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झांबियातील, एन्डोला गावाजवळ विमान कोसळून त्यांचा अंत झाला. न्यूयॉर्क येथील त्यांच्या घरी एक हस्तलिखित सापडले व त्याजबरोबर एका मित्राच्या नावे लिहिलेले पत्र. स्वतःशी आणि देवाशी चाललेल्या वाटाघाटींची ही एक प्रकारची श्वेतपत्रिका आहे, असे त्या पत्रात त्यांनी म्हटले होते. 1963 साली ही वही 'वाटेवरच्या खुणा' अशा अर्थाच्या नावाने स्वीडिश भाषेत छापली गेली.

राजकारणातील गुपिते मिळतील ह्या आशेने ज्यांनी हे पुस्तक उघडले असेल, त्यांची पुरी निराशा झाली असली पाहिजे. सुएझचा पेचप्रसंग ह्यात नाही, काँगोचा कारभार नाही, ज्या पुढाऱ्यांशी लेखकाचा रोजचा संबंध त्यांची नावेही नाहीत. 1960 च्या 3 ऑक्टोबरला क्रुश्चेव ह्यांनी भर सभेत त्यांचा राजीनामा मागितला आणि त्यांनी त्याच दिवशी, त्याच सभेत, तो देण्याचे नाकारिले. सभेतील उत्तर खणखणीत होते. वहीत मात्र प्रतिपक्षावर आग पाखडलेली आढळत नाही. लोकनिंदा म्हणजे काय हे त्यांना बालपणीच ठाऊक झाले असावे. पिता ह्यालमार हे पहिल्या महायुद्धाच्या काळी, 1917 पर्यंत, स्वीडनचे पंतप्रधान होते, आणि अन्नटंचाईने गांजलेल्या लोकांनी त्यांचे आडनाव 'भूक' ह्या शब्दाला जोडून 'हुंगरशोल्ड' असे विडंबिले होते. तेव्हा पुत्राचे वय अवघे अकरा वर्षांचे होते.

ह्या वहीचा खरा विषय म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनाचा पालट. आरंभीच्या नोंदींत एक तीक्ष्ण बुद्धीचा, एकाकी आणि इतरांच्या क्षुद्रतेला पटकन ओळखणारा तरुण दिसतो. तो स्वतःलाही सोडीत नाही हे खरे. परंतु आरोपी तोच, वकील तोच आणि न्यायाधीशही तोच असल्यामुळे खटला कधी संपत नाही. 1953 च्या सुमारास लेखनाचा सूर बदलतो. 'मी'च्या समोर 'तू' येऊन उभा राहतो. ह्या प्रार्थनांत यश मागितलेले नाही, शत्रूचा नाश तर नाहीच. निर्मळ अंतःकरण आणि नम्रता एवढेच मागणे आहे, व जे वाट्यास आले त्याला होकार आहे. तुकोबांनी देवापुढे स्वतःचे दोष उघडे केले त्या अभंगांवर वाढलेल्या मराठी वाचकास हा सूर परका वाटणार नाही. लिओपोल्डव्हिल येथे मागे राहिलेल्या त्यांच्या सामानात टॉमस अ केम्पिस ह्याचा ख्रिस्तानुकरणावरील ग्रंथ निघाला; त्यात खुणेसाठी ठेविलेल्या कागदावर सरचिटणीसपदाची शपथ होती. चरित्रकाराने पानेच्या पाने खर्चूनही जे सांगता आले नसते ते हा कागद सांगतो.

तथापि एक आक्षेप टाळता येत नाही. काँगोत संघाचे सैन्य असता 1960 च्या डिसेंबरात लुमुंबा पकडले गेले व पुढील जानेवारीत कटांगात मारले गेले. ह्याचा जाब संघाच्या सरचिटणिसास विचारण्याचा जगाला पूर्ण अधिकार होता. आणि कोणी कितीही शुद्ध मनाने प्रार्थना करीत असला तरी तो अधिकार लोप पावत नाही. रोजनिशी ह्या प्रश्नाला उत्तर देत नाही. परंतु येथे उत्तर दिले असते तर ते आत्मसमर्थन झाले असते आणि प्रार्थना बिघडली असती. जाब दप्तरांत शोधावा, ह्या वहीत नव्हे, असे आमचे मत आहे. आम्हांस खटकते ते वेगळेच. काही नोंदींत लेखक स्वतःच्या बलिदानाकडे टक लावून पाहू लागतो, ख्रिस्ताच्या छायेत आपलीही आकृती न्याहाळतो. त्यांच्या देशातील टीकाकारांनी ह्याला अहंकार म्हटले. तो शब्द आम्हांस कठोर वाटतो, पण निराधार म्हणवत नाही. नम्रतेची फार वेळ चिकित्सा केली की ती हातातून निसटते.

आम्ही हे पुस्तक 1964 च्या 'मार्किंग्ज' ह्या इंग्रजी भाषांतरातून वाचले. लीफ श्योबेर्ग ह्यांनी शब्दशः अर्थ द्यावा आणि कवी ऑडेन ह्यांनी त्यास डौल आणावा अशी ही जोडकामगिरी आहे. ऑडेन ह्यांना स्वीडिश येत नव्हते, व ती भाषा जाणणाऱ्यांनी पुढे ह्या भाषांतरात बऱ्याच चुका दाखविल्या. वाक्ये कोठे कोठे मुळापेक्षा गुळगुळीत झाली असावीत अशी शंका वाचताना आम्हांसही आली. सबब मराठीत हे आणू पाहणाराने थोडे श्रम घेऊन स्वीडिशकडेच वळावे.