‘बदली’ कामगाराचा प्रश्न आणि चंदावरकरांचे गिरणगाव

मुंबईच्या कापडगिरण्या का बुडाल्या, असा प्रश्न निघाला की महाराष्ट्रातील सुशिक्षित माणूस बहुधा एकच उत्तर देतो. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही आणि त्यातच धंदा संपला, असे ते उत्तर. या उत्तरात एक जुना ग्रह दडलेला आहे. गिरणीचा कामगार हा मनाने शेतकरीच. शिमगा आला, गणपती आले, भातलावणी आली की तो गावाकडे धाव घेणार. यंत्राची शिस्त त्याच्या अंगी मुरलीच नाही. आणि अशा माणसांच्या जोरावर उद्योग तरी किती काळ चालणार, असा तो ग्रह आहे. 1931 साली रॉयल कमिशनने हिंदी मजुरांविषयी जो अहवाल सादर केला, त्यातही कामगाराच्या या ग्रामीणपणाला बरेच महत्त्व दिलेले आढळते. त्या कमिशनने निदान कामगार शहरात ओढला जात नसून गावातून ढकलला जातो, एवढे तरी मान्य केले होते. पुढच्या टीकाकारांना तितकेही भान राहिले नाही.

या ग्रहाचा मुळापासून समाचार घेणारा ग्रंथ म्हणून राजनारायण चंदावरकर (1953–2006) यांच्या ‘द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम इन इंडिया’ या ग्रंथाचे महत्त्व फार आहे. तो 1994 साली केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. 1900 ते 1940 या काळातील मुंबईतील धंद्याची धोरणे आणि कामगारवर्ग हा त्याचा विषय. ग्रंथाची थोरवी निःसंशय आहे. तथापि त्याच्या मांडणीत एक उणीव राहिली आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते, आणि ती उणीव आजच्या वादाच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही.

चंदावरकरांच्या पूर्वी मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी 1965 च्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न उलटा करून विचारला होता. मुंबईच्या गिरण्यांना मजुरांची वाण कधी पडलीच नाही. बेशिस्त दिसते ती मालकांनी चालू दिली म्हणून, असे त्यांचे प्रतिपादन होते. 1896 च्या प्लेगनंतरचा काळ या दृष्टीने बोलका आहे. शहर ओस पडू लागले, तेव्हा ज्या गिरण्या महिन्याचा पगार संपूनही कित्येक दिवस हातचा राखून ठेवीत असत, त्यांनीच मजूर टिकावा म्हणून रोजच्या रोज पैसे मोजले. साथ ओसरली आणि थकविलेल्या पगाराची जुनी रीत परत आली. पगार अडवून ठेवणे ही काही निसर्गाने घालून दिलेली व्यवस्था नव्हती. ती मालकाची सोय होती. ही गोष्ट कायद्याच्या कक्षेत यावयास 1936 चा वेतन-अदायगीचा कायदा व्हावा लागला.

मॉरिस गिरणीच्या फाटकाशी थांबतात. चंदावरकर फाटकाबाहेर पडून चाळीत शिरतात. हा त्यांच्या ग्रंथाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. गिरणगावावरील प्रकरणात वाण्याची उधारी, खाणावळ, आखाडा, दादा, गाववाल्यांच्या खोल्या यांचा जो तपशील येतो, तो केवळ रंग भरण्यासाठी नाही. काम मिळण्याची वाट याच गल्ल्यांतून जात होती. साचेखात्यातील जॉबर नोकरी देई, दस्तुरी घेई, प्रसंगी खोलीही मिळवून देई. परंतु तो सर्वसत्ताधीश नव्हता. वरून मालकाचा आणि खालून शेजारपाजाऱ्यांचा दाब त्याच्यावर असे. माणसे नाराज झाली तर तो हजेरी भरून दाखवू शकत नसे, आणि हजेरी भरली नाही तर त्याची स्वतःचीच गच्छंती होई. जॉबरला सरंजामी अवशेष मानणाऱ्या लेखनाला यामुळे चांगलाच शह बसतो.

आता मुख्य मुद्दा ‘बदली’चा. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभा राहणारा, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी घेतला जाणारा माणूस. मालकांचा युक्तिवाद असा की कायम कामगार वारंवार दांडी मारतो, म्हणून बदली ठेवावा लागतो. चंदावरकर कार्यकारणाची ही साखळी उलगडून दाखवितात. मुंबईच्या गिरण्यांचे भांडवल तुटपुंजे आणि जोखीम मोठी. खर्चाचा मोठा वाटा कापसाचा, आणि कापसाचा भाव सट्टेबाजाराच्या हाती. चीनची सुताची बाजारपेठ जपानने हिरावून घेतल्यावर देशी कापडाच्या चंचल मागणीवर जगणे आले; आज एका नंबराचे सूत, उद्या दुसऱ्या नंबराचे; आज रात्रपाळी, उद्या साचे बंद. अशा धंद्यात यंत्र हवे तसे वाढविता-घटविता येत नाही, माणसे येतात. फाटकाशी बदल्यांची रांग हा त्या धंद्याचा राखीव साठा होता. कामच अनियमित, म्हणून कामगार अनियमित. त्याने गावची जमीन का सोडली नाही याचे उत्तरही येथेच सापडते: आजारात, म्हातारपणी, संपात आणि बेकारीत त्याला दुसरा आधारच नव्हता. गाव हा त्याचा विमा होता, आणि त्याचे हप्ते मनिऑर्डरीने जात.

येथपर्यंत ग्रंथकर्त्याशी आमचा मतभेद नाही. मतभेद आहे तो राज्यसंस्थेच्या स्थानाविषयी. ग्रंथात सरकार येते ते बहुतांशी उद्योगाच्या ऐतिहासिक पार्श्वभूमीत; जकाती, चलनाचा दर, चौकशी समित्या यांची नोंद होते आणि पुढे कथेची सूत्रे मालक व कामगार यांच्याकडे जातात. धंद्याच्या धोरणावर भर देण्याच्या ओघात हे घडले असावे. परंतु त्याच काळातील एक प्रसंग या मांडणीला पुरेसा छेद देतो. 1896 पासून देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन-कर होता. लँकेशायरच्या मालावर आयात-जकात बसली, तिचा तोल राखण्यासाठी बसविलेला. 1925 साली मंदीचे कारण देऊन मालकांनी कामगारांच्या पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरात सुमारे दीड लाख कामगारांनी काम थांबविले. डिसेंबरात सरकारने तो कर तहकूब केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि संप मिटला. येथे सरकारचा कर, मालकाचा ताळेबंद आणि साच्यावरील माणसाचा पगार या तिन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या दिसतात. मालक करावर रुष्ट होते, पण तो मागे घेण्यास सरकारला भाग पाडण्याच्या कामी कामगारांची उपासमार त्यांच्या उपयोगी पडली, हे कोणीही तटस्थ वाचक नाकारणार नाही. अशा वेळी सरकार ही पार्श्वभूमी राहत नाही. 1927 मध्ये रुपयाचा दर सोळा पेन्सांऐवजी अठरा पेन्सांवर कायम झाला, तेव्हाही परदेशी माल स्वस्त होण्याचा भार शेवटी मजुरीवर टाकण्याचाच प्रयत्न झाला. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावे, या जातीच्या ‘कार्यक्षमते’च्या योजना त्याच सुमाराच्या आहेत, आणि 1928 चा एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप पेटला त्यामागे याच योजना होत्या.

गावाच्या बाजूनेही हेच दिसते. रत्नागिरीचा कुणबी मुंबईस का आला, याचे उत्तर केवळ लोकसंख्या आणि खडकाळ जमीन यांत नाही. खोतांचे हक्क 1880 च्या कायद्याने सरकारनेच पक्के केले होते. खोती संपुष्टात आणणारा कायदा व्हावयास 1949 साल उजाडले. खोताचा मक्ता भरण्यास लागणारा पैसा गिरणीतून येई. जो आधार कामगाराला कमी पगारात तगवून धरीत होता, तोच आधार गहाण पडू नये म्हणून त्याला कमी पगार पत्करावा लागत होता. चंदावरकरांनी गावाशी असलेले नाते फार बारकाईने तपासले आहे. तथापि त्या नात्यातील सारा-वसुलीच्या धोरणाचा वाटा त्यांनी अधिक ठळक करावयास हवा होता.

‘बदली’ची पुढील कथा तर सरकारशिवाय सांगताच येत नाही. 1934 च्या संपानंतर कामगार-अधिकाऱ्याची नेमणूक करणारा कायदा मुंबई सरकारने केला. 1935 साली गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत आणली: महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक लोकांस कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी हजर व्हावयाचे, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या. उद्देश जॉबरच्या लाचखोरीला आळा घालण्याचा, आणि तो वाईट म्हणता येणार नाही. परंतु परिणाम काय झाला? जी गोष्ट तोवर तात्पुरती समजली जात होती, तिला कार्ड मिळाले. अनिश्चितता नाहीशी झाली नाही. तिची नोंदवही तयार झाली. ग्रंथाचा काळ 1940 ला संपतो, म्हणून या नोंदवहीचे पुढे काय झाले हे त्यात येत नाही, याबद्दल लेखकास दोष देता येत नाही. मात्र सुधारणेच्या मर्यादा सांगणाऱ्या प्रकरणात ती पद्धत एका कायमच्या संस्थेचा आरंभ म्हणून दिसावयास हवी होती, इतके म्हणणे अवाजवी होणार नाही.

आणखी एका ठिकाणी ‘मालकाची सोय’ हे उत्तर अपुरे पडते. साचेखात्यात पगार अधिक, पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून काढावे लागे, त्याला विटाळाची सबब पुढे केली जाई. डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढेच ठेवला. ही बंदी मालकांनी खपवून घेतली हे खरे. पण ती चालविली विणकरांनी. आपल्याच माणसांच्या संदर्भात ही गोष्ट उच्चारणे मराठी वाचकाला जड जाते, आणि गिरणगावाचे आपल्याकडील गौरवपर लेखन ती बहुधा टाळते. धंद्याच्या धोरणातून सारे उकलू पाहणाऱ्या पद्धतीची सीमा येथे लागते.

1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका स्थानिक क्षेत्रात एका उद्योगापुरती एकच प्रातिनिधिक संघटना मान्य करण्याची तरतूद केली, आणि कापडगिरण्यांत ते स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे दीर्घकाळ राहिले. कामगारांनी आपला प्रतिनिधी बदलावयाचा तर तो कायद्याच्या दारातूनच बदलता येई, आणि ते दार अरुंद होते. दुसरीकडे स्वातंत्र्योत्तर सरकारने हातमाग व यंत्रमाग यांच्या संरक्षणार्थ गिरण्यांच्या मागवाढीवर निर्बंध ठेवले. बऱ्याच मालकांनी जुनी यंत्रे न बदलता नफा इतरत्र वळविला. आणि भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर तेच कापड कमी मजुरीत विणले जाऊ लागले. 1982 च्या मागण्यांत पगारवाढ होती, हे सर्वांना आठवते. त्याच मागण्यांत बदली कामगारांना कायम करावे आणि 1946 चा कायदा रद्द करावा हीही कलमे होती. 1935 च्या कार्डास त्या वेळी सत्तेचाळीस वर्षे झाली होती.