‘ट्वेन्टी-वन’ : गणिताचा एक बोलपट

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या सुविख्यात तंत्रविद्यापीठांतील कांहीं बुद्धिमान् विद्यार्थी पानें मोजून लास व्हेगासच्या जुगारगृहांस जेरीस आणतात, ही कथा ऐकतांच आमच्या मनांत वनपर्वांतील ऋतुपर्ण राजा आला. धांवत्या रथांतून बेहड्याचीं पानें व फळें मोजणारा आणि अक्षविद्या जाणणारा तो राजा! गणित व द्यूत यांचा घरोबा कांहीं आजचा नव्हे. रॉबर्ट लुकेटिक यांचा ‘ट्वेन्टी-वन’ हा बोलपट (२००८) पाहण्यास आम्ही म्हणूनच उत्सुकतेनें बसलों.

ब्लॅकजॅक ह्या खेळाची मेख अशी कीं, खेळून झालेलीं पानें लगेच गड्डींत परत जात नाहींत. अर्थात् उरलेल्या पानांचें स्वरूप पालटत जातें. दोन ते सहा यांपैकीं पान निघालें कीं एक मिळवावा, दहा, चित्र वा एक्का निघाला कीं एक वजा करावा, मधलीं तीन सोडून द्यावीं. बेरीज चढली म्हणजे मोठीं पानें शिल्लक. तेव्हां डाव वाढवावा. एडवर्ड थॉर्प ह्या गणितज्ञानें मोजणीनें हा खेळ जिंकतां येतो हें १९६२ सालीं ग्रंथ लिहून जगापुढें मांडलें होतें. केवळ मनांत मोजणें हा गुन्हाहि नव्हे. मात्र नेव्हाडा संस्थानांतील जुगारगृहें अशा खेळाडूस दाराबाहेर काढूं शकतात. बोलपट ही मोजणी घाईनें उरकतो व झगमगाटावर रेंगाळतो, याची आम्हांस खंत वाटली.

परंतु वर्गांतील एका प्रसंगानें आम्हांस, आम्ही स्वतः अध्यापक असल्यानें, अधिक अस्वस्थ केलें. तीन दारांपैकीं एकामागें मोटार. स्पर्धक एक दार निवडतो, सूत्रधार दुसरें रिकामें दार उघडतो. निवड बदलावी काय? बेन हा नायक बदलावी म्हणतो, आणि तें बरोबर. पण सूत्रधार फसवीत असला तर, असें प्राध्यापक विचारतात, तेव्हां आपलें उत्तर संख्याशास्त्रावर आधारलेलें असल्यानें त्याची पर्वा नाहीं, अशा आशयाचें तो बोलतो. येथेंच चूक आहे! सूत्रधार जाणूनबुजून, आणि प्रत्येक वेळीं, रिकामेंच दार उघडतो ह्या अटीवरच तें गणित उभें आहे. स्पर्धकाची पहिली निवड बरोबर असतांनाच तो दार उघडीत असेल, तर बदलणारा हटकून फसेल. प्राध्यापक मात्र प्रसन्न होतात, व ह्याच शिष्यास आपल्या टोळींत ओढतात. सूत्रधाराचा हेतु न तपासणारा मुलगा पुढें गुरूचाहि हेतु तपासीत नाहीं. आणि डाव हरतांच तेच गुरु त्याजकडे नुकसानभरपाई मागतात. लेखकांस हा दुवा दिसला असता तर बोलपट कितीतरी थोर झाला असता.

केव्हिन स्पेसी यांनीं हा गोड बोलणारा कावेबाज गुरु चांगला वठविला आहे. असे गुरु आम्हीं पाहिले आहेत, पत्त्यांवांचूनहि. मूळ मंडळींतील जेफ मा प्रभृति प्रमुख खेळाडू आशियाई वंशाचे होते. बोलपटांत नायक गोरा, आणि आशियाई मुलें दुय्यम! बेन मेझ्रिक यांच्या मूळ पुस्तकांतहि (२००३) कल्पिताची भर आहे, पण हा फेरफार कलेसाठीं झाला असें आम्हांस मानवत नाहीं.

बेनला वैद्यकीच्या शिक्षणासाठीं तीन लक्ष डॉलर हवे असतात. शेवटीं जिंकलेलें धन हातचें जातें, आणि तो आपली हीच कहाणी छात्रवृत्तीच्या परीक्षकास ऐकवितो. परीक्षक थक्क होऊन पाहत राहतो.