घारापुरीच्या मूर्ती नक्की कोणी फोडल्या?

घारापुरीवर पुरवणीत लेख आला किंवा यूट्यूबवर व्हिडिओ आला, की एक वाक्य हमखास असतं: पोर्तुगीज सैनिकांनी नेमबाजीच्या सरावासाठी इथल्या मूर्ती फोडल्या. कोणी पाहिलं, कधी घडलं, याचा पत्ता नसतो. इथे उरणच्या किनाऱ्यावरून बेट समोर दिसतं, म्हणून हेच उदाहरण घेऊ.

1534 च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. गार्सिया द ओर्ताने त्याच सुमारास लेणी पाहिली. 1563 साली गोव्यात छापलेल्या पुस्तकात तो नासधुशीचं कारण देतो: आत शिरणारी गुरं. दियोगो दो कूतो सांगतो, की दारावरचा शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. कुणालाच वाचता आला नाही, पुढे दगडही नाहीसा झाला. 1712 मध्ये कॅप्टन पाइक हा इंग्रज लिहितो, की एका पोर्तुगीज उमरावाने प्रतिध्वनीच्या हौसेपायी लेण्यात तोफ डागली आणि काही खांब तुटले.

म्हणजे तोफ आहे, पण लढाई नाही. तुटल्याची नोंद आहे ती खांबांची. यातूनच पुढे 'सैनिकांची नेमबाजी' तयार झाली असेल का? शक्य आहे, पण तेही सिद्ध करावं लागेल. शिवाय साक्षीदारही तपासायचे: ओर्ता स्वतः पोर्तुगीज, पाइक प्रतिस्पर्धी सत्तेचा माणूस. यातून पोर्तुगीज निर्दोष सुटत नाहीत; आरोप फक्त नेमका होतो.

माध्यमांची अडचण इथेच आहे. मार्च 2001 मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्या, ते जगाने पडद्यावर पाहिलं. विध्वंस म्हणजे स्फोट आणि एक खलनायक, असा साचा बसला. जुन्या घटनाही आपण त्यातच ओततो. मग गुरं गळतात, शिलालेखही गळतो. लेणी कोणी, कधी खोदली यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्याचं उत्तर कदाचित त्या दगडावर असतं. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तेच, आणि त्यात एकही गोळी सुटलेली नाही. 1864 मध्ये बेटावरचा दगडी हत्ती इंग्लंडला न्यायच्या खटपटीत फुटला, तेही युद्ध नव्हतं. तो हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

तेव्हा आपल्या विषयातलं असं एक 'सगळ्यांना माहीत असलेलं' वाक्य उचला. वहीत तीन रकाने आखा: साक्षीदार कोण, वर्ष कोणतं, नेमकं काय तुटलं. जो रकाना रिकामा राहील, संशोधन तिथून सुरू करा.