शब्द आणि अदा : हुलागीत व लावणी यांच्या वाचनाचा प्रश्न

शनिशिंगणापूरपासून थोड्याच अंतरावर, नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वडाळा बहिरोबा हे नेवासे तालुक्यातील गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ते अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते आणि रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक यांचे तेथे दीर्घकाळ वास्तव्य होते. हे मिशन चालविणारी ‘अमेरिकन बोर्ड’ ही बॉस्टनची संस्था १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरात आली. या दोन वर्षांच्या मधे, १८२० साली, तिचीच माणसे पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर उतरली होती. एकाच संस्थेच्या, एकाच धर्ममताच्या आणि जवळजवळ एकाच पिढीच्या माणसांना दोन ठिकाणी दोन गायनपरंपरा भेटल्या. हवाई बेटांवर त्यांनी हुलानृत्याला विरोध केला, तर अहमदनगरात त्यांच्याच मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. हा फरक केवळ देशभेदाने पडलेला नाही. गीत हे शब्दांचे असते की शब्द उच्चारणाऱ्या देहाचेही असते, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे आणि लावणीच्या मराठी समीक्षेनेही तो पुरेशा गांभीर्याने हाताळलेला दिसत नाही.

हवाईतील परिस्थिती प्रथम पाहावी लागेल. तेथील भाषेला लिपी नव्हती. ती मिशनऱ्यांनी दिली. वंशावळी, देवकथा, राजस्तुती, प्रेम आणि थट्टा हे सारे ‘मेले’ या नावाच्या पद्यरचनेत पाठांतराने टिकले होते. ही रचना केवळ उच्चारावयाची असली तर तिला ‘ओली’ म्हणत आणि नृत्यासह सादर करावयाची असली तर ती ‘मेले हुला’ होई. एकच रचना दोन्ही प्रकारे सादर होऊ शकते, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मिशनऱ्यांच्या उपदेशाने ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानू हिने १८३० मध्ये जाहीर हुलावर बंदी घातली. पुढे १८५९ च्या कायद्याने जाहीर प्रयोगासाठी परवाना आवश्यक केला. राजा कालाकाउआ याने १८८३ मधील आपल्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यात हुला पुन्हा राजदरबारी आणला. त्या वेळी गीतांची कार्यक्रमपत्रिका छापण्यात आली आणि छापणाऱ्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. नृत्य ज्यांनी पाहिले त्यांच्यावर नव्हे, शब्द ज्यांनी छापले त्यांच्यावर! कायद्याला हातात धरता येण्यासारखी वस्तू छापील कागद हीच असते.

हुलागीताची घडण अशी आहे की त्यातील शब्द आणि हात वेगळे करणे कठीण व्हावे. पाय ताल धरतात आणि हात अर्थ सांगतात. पाऊस, वारा, डोंगर, लाट, फूल यांच्या मुद्रा ठरलेल्या असतात. जुन्या पद्धतीत बसून वाद्यासह गाणारे ‘होओपाआ’ आणि उभे राहून नाचणारे ‘ओलापा’ असे दोन वर्ग असत. म्हणजे शब्द एकाच्या मुखी आणि मुद्रा दुसऱ्याच्या हाती. परंतु हातांचे काम शब्दांचे चित्र काढण्यापुरते नसते. या काव्यात ‘काओना’ नावाचा गूढार्थ मानला जातो. वरवर एखाद्या दरीतील पावसाचे वर्णन असते आणि जाणकाराला त्यात प्रियकराचे आगमन दिसते. शब्द दोन्ही अर्थ उघडे ठेवतात. त्यांपैकी कोणत्या अर्थाकडे श्रोत्याला न्यावयाचे आणि किती न्यावयाचे, हे नर्तकीची मुद्रा, नजर आणि अंगलट यांवर अवलंबून असते. अशा गीताची छापील प्रत हे गीताचे अर्धेच अंग होय.

ही जाणीव ज्याच्या ग्रंथात नोंदली गेली तो नॅथॅनिएल इमर्सन स्वतः मिशनरी दांपत्याचा पुत्र होता, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल. त्याने १९०९ मध्ये हुलाच्या गीतांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याचे नाव ‘हवाईचे अलिखित साहित्य’ अशा अर्थाचे ठेवले. त्याची भाषांतरे आज व्हिक्टोरियन थाटाची वाटतात. ग्रीक पुराणांची आठवण त्याला वारंवार होते. तरीही गीतांच्या संग्रहात त्याने मुद्रा-हावभावांना स्वतंत्र प्रकरण दिले आणि नृत्यशाळेतील वेदी, वेष, वाद्ये, शिक्षणाची शिस्त यांची तपशीलवार नोंद केली. आपल्याकडील किती लावणीसंग्रहांत असे प्रकरण आहे?

लावणीतही ‘बैठकीची’ आणि ‘फडाची’ असा भेद आहे. त्याचे नाते वर सांगितलेल्या ओली-हुला भेदाशी आहे, मात्र ते उलट्या दिशेने जाते. हुलात नृत्य वगळले की केवळ उच्चार उरतो. बैठकीच्या लावणीत पदन्यास वगळला तरी देह उरतोच. किंबहुना तो अधिक एकाग्र होतो. गायिका बसून गाते. एकच ओळ ती पुनःपुन्हा घेते. पहिल्या वेळी ती ओळ तक्रार असते, दुसऱ्या वेळी आर्जव, तिसऱ्या वेळी टोमणा आणि चौथ्या वेळी स्वतःशीच केलेली कबुली. शब्द बदलत नाहीत. बदलतात त्या भुवया, मनगट, पदराची चिमूट आणि स्वराची लगावट. या सर्वांना मिळून अदा म्हणतात. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. छापील पानावर ती ओळ एकदाच येते. म्हणजे ज्या ठिकाणी काव्य घडते, नेमके तेच ठिकाण संपादक पुनरुक्ती समजून गाळतो.

लावणीच्या संकलकांचे ऋण मोठे आहे, यात शंका नाही. य. न. केळकर यांनी ‘अंधारातील लावण्या’ उजेडात आणल्या नसत्या तर पुष्कळ रचना नष्ट झाल्या असत्या. म. वा. धोंड यांच्या ‘मऱ्हाटी लावणी’ने या प्रकाराला गंभीर चर्चेचा विषय बनविले. परंतु पुढील अभ्यासाने बहुतांशी जे प्रश्न विचारले ते कवितेला विचारावयाचे प्रश्न होते : शृंगार किती संयत, प्रतिमा किती ताज्या, संस्कृत काव्याचे ऋण किती, कवी पंतकवींच्या जवळ की संतांच्या. कर्ता शाहीर मानला गेला, कारण शेवटच्या कडव्यात नाममुद्रा त्याची असते. त्या कडव्यापर्यंत श्रोत्यांना अर्थ पोहोचविणारी स्त्री ‘सादरकर्ती’ ठरली. पेशवाईच्या काळात फडावर स्त्रीवेषातील नाच्या असे, हे खरे. परंतु त्याचेही नाव उरलेले नाही. संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळाबाईंचे नाव उरले ते पठ्ठे बापूरावांच्या चरित्रातील एक पात्र म्हणून. पवळाबाईंनी त्या रचनांत अर्थाची कोणती भर घातली, हा प्रश्न समीक्षेने त्यांना विचारलेला नाही.

याच जिल्ह्यातील संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) यांची आख्यायिका येथे उपयोगी पडते. त्यांच्या तमाशाची कीर्ती ऐकून अहिल्याबाई होळकरांनी त्यांना बोध केला आणि फंदींनी डफ-तुणतुणे सोडून कीर्तन धरले, असे सांगतात. आख्यायिका ऐतिहासिक आहे की नाही हा मुद्दा गौण आहे. (ज्यांच्या नावाने २०२४ साली जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले, त्यांचीच योजना लोकस्मृतीने या कथेत केलेली आहे.) तिच्यात एक सीमारेषा स्पष्ट आहे. तमाशा सोडावा आणि कीर्तन धरावे. दोहोंतही माणूस लोकांसमोर उभा राहून गातो, हातवारे करतो, ताल धरतो, गोष्ट सांगतो. तरी एक त्याज्य आणि दुसरे पूज्य.

अमेरिकन मिशन अहमदनगरात आले तेव्हा ही रेषा येथे आधीच आखलेली होती. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी मराठीत उपासनागीते रचली. १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला. पुढे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग आणि भजन यांच्या द्वारे ख्रिस्ती भक्तीला मराठी देह दिला. हे यश मोठे आहे आणि ते मिशनऱ्यांच्या औदार्याइतकेच येथील ख्रिस्ती कवी-कीर्तनकारांच्या आत्मविश्वासाचे आहे. तथापि यावरून मिशनला देशी सादरीकरण मान्य झाले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मान्य झाले ते कीर्तन. अनंत फंदींच्या आख्यायिकेत जी रेषा आहे तीच मिशनने पाळली. हवाईत अशी दुसरी, सोवळी वाट मिशनऱ्यांना दिसली नाही. तेथे देवस्तुतीही हुलात आणि शृंगारही हुलातच. म्हणून त्यांनी शब्द वेगळे काढून त्यांना प्रार्थनागीतांच्या चाली दिल्या आणि देहाला घरी बसविले. दोन्हीकडे प्रश्न सादरीकरणाचा नव्हता. कोणाचा देह लोकांसमोर उभा राहतो याचा होता. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता येण्यास ८ एप्रिल २०१६ उजाडावे लागले, हा प्रसंग गीतांच्या इतिहासातला नाही. पण प्रश्न त्याच जातीचा आहे.

स्वातंत्र्योत्तर शासनाची दृष्टीही फारशी वेगळी नव्हती. मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि ती उठविताना संहिता आधी तपासून घेण्याची अट घातली. तपासनीसापुढे कागद येई. त्या कागदावर आक्षेपार्ह काही नसले तरी फडावर एका नजरेने ते आणता येई, आणि कागदावर आक्षेपार्ह वाटलेला शब्द एखादी जाणती कलावंतीण निव्वळ विनोद करून सोडी. १८८३ चा होनोलुलूचा खटला आणि मुंबईचे संहितापरीक्षण यांत सुमारे आठ हजार मैलांचे नव्हे, एका टेबलाचे अंतर आहे असे वाटते.

लोकप्रिय गीतांच्या बाबतीत दोन परंपरांच्या वाटा काही काळ जवळ येतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर इंग्रजी शब्दांची, हवाईचे नुसते वातावरण असलेली ‘हापा हाओले’ गीते अमेरिकाभर पसरली. त्यांत काओना उरला नाही. मुद्रा मात्र उरल्या, कारण प्रवाशांना त्याच हव्या होत्या. मराठीत ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) ते ‘पिंजरा’ (१९७२) आणि पुढे ‘नटरंग’ (२०१०) या मार्गाने चित्रपटीय लावणी रूढ झाली. तिची अवहेलना करण्याची अभ्यासकांना सवय आहे. ती योग्य नाही. जगदीश खेबुडकरांच्या रचना आणि राम कदमांच्या चाली हा मराठी गीताचा अस्सल ठेवा आहे. मात्र चित्रपटाने गाणारी आणि नाचणारी यांची फारकत केली, एवढे नोंदविले पाहिजे. सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) डोक्यावर पदर घेऊन लावणी गात. त्यांच्या गळ्यात सारी अदा होती, आणि मध्यमवर्गीय घरात रेडिओवरून लावणी शिरली ती त्या गळ्यामुळे. देह दारातच थांबला. ती ध्वनिमुद्रिका आणि पूर्वीचा छापील संग्रह यांनी एकच काम दोन तऱ्हांनी केले, असे म्हणता येईल.

येथे तुलनेची मर्यादाही स्पष्ट करणे अगत्याचे आहे. हवाईतील हिलो या गावी १९६० च्या दशकात कालाकाउआच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला, १९७१ पासून त्यात हुलाच्या स्पर्धा होऊ लागल्या आणि प्राचीन व अर्वाचीन हे दोन्ही प्रकार प्रतिष्ठा पावले. हुला शिकणे ही आता तेथील समाजाच्या आत्मसन्मानाची खूण आहे. लावणीच्या बाबतीत जात आड येते. कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग समाजांतील स्त्रियांच्या श्रमावर ही कला उभी राहिली आणि त्या श्रमाचे मोल शृंगाराच्या नावाखाली लपविले गेले, हे शर्मिला रेगे यांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे ‘अदा हेही साहित्यच’ असे म्हणून जबाबदारीतून सुटता येत नाही. जामखेडच्या कलाकेंद्रांत बारीवर उभ्या राहणाऱ्या स्त्रीला आपल्या मुद्रेला काव्य म्हटले गेले याचे समाधान वाटेल की नाही, हे तिलाच विचारावे लागेल. भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक मोलाचे ठरते ते यासाठी की त्यात या स्त्रिया आपल्या कलेविषयी स्वतः बोलतात. कोणती ओळ कुठे थांबवावी, कोणत्या श्रोत्याला काय दाखवावे, हे त्यांच्या दृष्टीने कौशल्याचे प्रश्न आहेत.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अठराव्या शतकातील अदा आज उपलब्ध नाही; तेव्हा होनाजी किंवा परशराम यांच्या लावण्यांचे वाचन शब्दांवरूनच करावे लागणार. हे मान्य केले तरी शब्दांतच अदेसाठी ठेवलेल्या जागा दिसतात. संबोधने, अर्ध्यावर सोडलेली वाक्ये, धृपदाकडे परतताना बदललेला संदर्भ, ‘हे’, ‘असे’, ‘इथे’ यांसारखी दर्शक पदे : ज्या वस्तूकडे ती बोट दाखवितात ती वस्तू ओळीत नसते, हातात असते. छंद आणि अलंकार मोजणाऱ्या वाचनाला या जागा शैथिल्य वाटतात. पदवीच्या वर्गात लावणी शिकविताना एका ओळीपुरता तरी हा प्रयोग करता येण्यासारखा आहे. यमुनाबाईंच्या गायनाची ध्वनिचित्रमुद्रणे उपलब्ध आहेत. छापील ओळ फळ्यावर लिहावी, मुद्रण लावावे आणि ती ओळ किती वेळा येते व प्रत्येक वेळी कोणाला उद्देशून येते, एवढेच विद्यार्थ्यांनी वहीत नोंदवावे.